नकार देणारी अँटिबॉडी

पेशीच्या पडद्यावर वाढघटक येऊन टेकला, की ती बातमी काही मिनिटांत केंद्रकापर्यंत पोचते. ती पोचवणारी प्रथिने आधीपासूनच पेशीत हजर असतात. त्यांच्यात बदल होतो तो इतकाच, की ठरावीक अमिनो आम्लावर फॉस्फेटचा एक गट चढतो आणि काम झाले की उतरतो. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी सिएटलमध्ये १९५५ च्या सुमारास स्नायूंतल्या एका एन्झाइमवर ही चालू-बंदची क्रिया उलगडली, आणि १९९२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हा बदल फार छोटा असतो. पेशीला विभाजनाचा आदेश पोचवणाऱ्या ईआरके-२ या प्रथिनाचे वजन सुमारे ४२ हजार डाल्टन. ते जागे होते तेव्हा त्यावर दोन फॉस्फेट चढतात, एक थ्रिओनिनवर आणि एक टायरोसिनवर, मध्ये एकाच अमिनो आम्लाचे अंतर. दोन्ही मिळून वजन वाढते सुमारे १६० डाल्टनने, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. एवढा फरक ओळखणारा रेणू प्रयोगशाळेला हवा होता. फॉस्फो-विशिष्ट अँटिबॉडी म्हणजे तोच रेणू.

त्याचा इतिहास फार लांब नाही. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत टोनी हंटर यांना टायरोसिनवर चढलेला फॉस्फेट सापडला. वापरून जुने झालेले, आम्लता किंचित वाढलेले द्रावण हाती असल्यामुळे तो वेगळा होऊन दिसला, ही हकीकत त्यांनीच सांगितली आहे. १९८१ मध्ये फॉस्फोटायरोसिन ओळखणारी अँटिबॉडी तयार झाली. पण ती फॉस्फेट कुठल्या प्रथिनावर आहे याची फिकीर करत नव्हती. येल विद्यापीठात पॉल ग्रीनगार्ड यांच्या गटाने १९८२ मध्ये एकाच प्रथिनाची फॉस्फेटसहित आणि फॉस्फेटरहित रूपे वेगळी ओळखणारा रक्तद्रव दाखवला, आणि पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातून १९९१ मध्ये कृत्रिम पेप्टाइडांच्या आधाराने अशा अँटिबॉडी हव्या त्या जागेसाठी घडवण्याची रीत मांडली.

या रीतीतली खरी करामत शुद्धीकरणाच्या दोन कॉलमांत आहे. प्रथिनातला दहा-पंधरा अमिनो आम्लांचा तुकडा रसायनशाळेत बनवायचा, त्याच्या नेमक्या जागी फॉस्फेट बसवायचा आणि मोठ्या वाहक प्रथिनाला जोडून सशाला टोचायचा. सशाचे रक्त जे देते ते मिश्रण असते. काही अँटिबॉडी वाहकाला धरतात, काही बिनफॉस्फेटच्या तुकड्यालाही धरतात, काहींना कुठलाही फॉस्फेट चालतो. हव्या असलेल्या थोड्याच. म्हणून हा रक्तद्रव बिनफॉस्फेटच्या पेप्टाइडाच्या कॉलममधून घालतात, आणि त्याला जे चिकटले ते टाकून देतात. न चिकटता खाली आलेले फॉस्फेट असलेल्या पेप्टाइडाच्या कॉलमवर चढवतात. तिथे जे चिकटेल ते आम्लाने सोडवून घेतात. पहिल्या कॉलमचे काम केवळ नाकारण्याचे असले तरी अँटिबॉडीची लायकी तोच ठरवतो. ती कोणाला घट्ट धरते यापेक्षा कोणाला धरत नाही, यावर तिची साक्ष उभी राहते.

ही गोष्ट मान्य केली, तर वेस्टर्न ब्लॉटवरचा, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने दाखवणाऱ्या चाचणीतला, काळा बँड वाचण्याची पद्धत बदलायला हवी. जोरकस बँड म्हणजे प्रथिन सक्रिय, असे धरून चालणे अपुरे आहे. तोच नमुना फॉस्फटेज या फॉस्फेट उतरवणाऱ्या एन्झाइमने आधी हाताळला, तर त्याच्या पट्टीतला, म्हणजे लेनमधला, बँड नाहीसा झाला पाहिजे. ईआरकेच्या आधीच्या एमईके एन्झाइमला रोखणारे औषध दिले, तर तो फिका पडला पाहिजे. फॉस्फेट असो वा नसो, ईआरके किती आहे हे दाखवणारा दुसरा ब्लॉट शेजारी असला पाहिजे. नाहीतर प्रथिनच वाढले की फॉस्फेट वाढला, हे कळणार नाही. रिकामी लेन हा पुरावा आहे, आणि शोधनिबंधात बहुधा तिलाच जागा मिळत नाही.

यावर आक्षेप येतो की रेणूंचे वजन मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर हजारो फॉस्फेटजागा एकाच वेळी मोजतो, मग या जुन्या साधनाची एवढी चिंता कशाला? पण ते यंत्र पेशी फोडून, प्रथिनांचे तुकडे करून मोजते. गाठीच्या पातळ छेदात नेमक्या कोणत्या पेशीत संकेत चालू आहे, हे दाखवायला अजून अँटिबॉडीच लागते. दुसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो खरा आहे. लहान प्रयोगशाळेला प्रत्येक नियंत्रण महाग पडते. तरी फॉस्फटेजची एक लेन खोट्या निष्कर्षामागे घालवलेल्या वर्षांपेक्षा स्वस्तच.

अडचणी मात्र इथे संपत नाहीत. पेशी फुटताच तिचेच फॉस्फटेज फॉस्फेट खाऊ लागतात, म्हणून थंडाव्यात, ऑर्थोव्हॅनाडेट आणि फ्लोराइड ही त्यांना रोखणारी रसायने घालून काम करावे लागते. शस्त्रक्रियेने काढलेली गाठ टेबलावर पडून राहिली, तर तिचा संकेत मूळचा राहत नाही, आणि अँटिबॉडी निर्दोष असली तरी उत्तर चुकते. ब्लॉटवरच्या मोकळ्या जागा झाकायला सर्रास वापरले जाणारे दूध इथे शक्यतो टाळतात, कारण दुधातले केसीन स्वतःच फॉस्फेट वाहणारे प्रथिन आहे. नातेवाईक प्रथिने एकमेकांसारखी असतात: सार्क या प्रथिनाच्या ४१६ व्या टायरोसिनसाठीची अँटिबॉडी त्या कुळातल्या लिन, फिन, एलसीकेलाही ओळखते. शेजारच्या अमिनो आम्लावर दुसरा फॉस्फेट चढला, तर खरी खूणही झाकली जाऊ शकते. शंभरातल्या किती रेणूंवर फॉस्फेट आहे, हे तर बँड सांगतच नाही. आणि ससा मेला, की त्याच्या रक्ताची तीच प्रत पुन्हा मिळत नाही. जनुकक्रम ठाऊक असलेल्या, पेशींत बनवलेल्या रिकॉम्बिनंट अँटिबॉडी हा शेवटचा प्रश्न सोडवतात. २०१५ मध्ये अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्लुकथुन यांनी बऱ्याच शास्त्रज्ञांच्या सह्यांनिशी 'नेचर'मध्ये त्यांचाच आग्रह धरला होता. पण दरवेळी तीच अँटिबॉडी मिळाली, म्हणून ती योग्य जागीच बसते असे होत नाही. तपासणी तरीही उरतेच.

ही आता फक्त संशोधकांची बाब राहिलेली नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने अल्झायमरच्या निदानाला मदत करणाऱ्या रक्तचाचणीला परवानगी दिली. तिच्यातल्या दोन मोजमापांपैकी एक आहे २१७ व्या जागी फॉस्फेट असलेले टाऊ प्रथिन, आणि ते मोजते अँटिबॉडीच. रुग्णाच्या अहवालापर्यंत पोचलेल्या साधनाची उलटतपासणी ऐच्छिक ठेवता येणार नाही. ज्या फॉस्फो-अँटिबॉडीची शहानिशा आधी झालेली नाही, तिचा ब्लॉट फॉस्फटेजच्या लेनशिवाय आला, तर नियतकालिकांच्या संपादकांनी तो परत पाठवावा.