पायांतील झडपा आणि लेसरचा किरण

पारनेर तालुक्यातील सुपा येथे, पुणे-अहिल्यानगर महामार्गालगत, औद्योगिक वसाहत आहे. तेथे यंत्रापुढे आठ तास उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या पायांचा विचार करा. स्तब्ध उभे असताना हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्तस्तंभाच्या भारामुळे घोट्याजवळच्या नीलांत सुमारे 90 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. चालू लागताच पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि दाब निम्म्याहून कमी होतो. वर गेलेले रक्त परत येऊ नये म्हणून नीलांत झडपा असतात.

या झडपांचे काम तुम्हांला घरीच पाहता येईल. आजोबांच्या हातावरची ठसठशीत नीला मनगटाकडील बाजूस एका बोटाने दाबून धरा. दुसऱ्या बोटाने रक्त कोपराकडे सारा आणि ते बोट उचला. मधला भाग रिकामाच राहतो! विल्यम हार्वेने 1628 च्या आपल्या ग्रंथात हाच प्रयोग चित्रांसह दिला आहे.

झडपा निकामी झाल्या की रक्त साचते व नीला फुगून वेड्यावाकड्या होतात. याच ‘व्हेरिकोज व्हेन्स’ किंवा अपस्फीत नीला. आनुवंशिकता, वय, गर्भारपण हीही त्याची कारणे. दुर्लक्ष केल्यास घोट्याजवळ चिघळणारी जखम होते आणि उभ्याने काम करणाऱ्याची रोजीरोटीच अडते.

पूर्वी अशी नीला शस्त्रक्रियेने ओढून काढीत. (मग रक्त जाते कोठून? खोलवरच्या नीलांतून.) लेसर उपचारात नीलेत बारीक प्रकाशतंतू सरकवून उष्णतेने ती आतूनच बंद करतात. नवारो, मिन व बोने यांचा यावरील शोधनिबंध 2001 मध्ये आला. त्यांनी 810 नॅनोमीटरचा किरण वापरला होता. तो मुख्यतः रक्तातील हिमोग्लोबिन शोषते. पुढे 1470 नॅनोमीटरचे लेसर आले. हा किरण पाणी अधिक शोषते, आणि नीलेच्या भिंतीत पाणी भरपूर असते.

त्यानंतर निबंधांचा ओघ सुरू झाला. पण नुसती संख्या मोजून काय कळणार? प्रश्न कसे बदलले ते पाहा. आधी विचारले गेले, नीला बंद होते का? मग, जुन्या शस्त्रक्रियेपेक्षा हे बरे का? त्यासाठी रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडावे लागतात. ब्रिटनमधील 798 रुग्णांच्या अशा चाचणीत (2014) उपचारावेळची गुंतागुंत शस्त्रक्रियेत 7 टक्के, तर लेसरमध्ये 1 टक्का आढळली. मात्र सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांचे जीवनमान सारखेच होते!

आणि ती जखम? 2018 च्या 450 रुग्णांच्या चाचणीत सर्वांना दाबपट्ट्या बांधल्या होत्या. ज्यांच्या नीलांवर लेसर किंवा तत्सम उपचार लवकर झाले, त्यांच्यापैकी निम्म्यांच्या जखमा 56 दिवसांत भरल्या. इतरांना तेवढ्यासाठी 82 दिवस लागले.