मूत्रपिंडाचा आजार : रुग्णालयाबाहेरचे १५६ तास

कोल्हापूर जिल्ह्यातील ऊस बागायतदाराला नत्र, स्फुरद आणि पालाश ही नावे नव्याने सांगावी लागत नाहीत. खताच्या पोत्यावर ती ठळकपणे छापलेली असतात आणि लागणीच्या उसाला कोणती मात्रा केव्हा द्यावयाची, याचा हिशेब त्याच्या जिभेवर असतो. पिकाला पोसणारी हीच द्रव्ये माणसाच्या अन्नातूनही शरीरात जात असतात. प्रथिनांचा उपयोग झाल्यावर त्यातील नत्रापासून युरिया तयार होतो; दूध, डाळी व मांस यांतून स्फुरद मिळते; फळे, भाज्या आणि गूळ यांतून पालाश, म्हणजेच पोटॅशियम मिळते. शरीराला हवे तेवढे ठेवून उरलेले बाहेर टाकण्याचे काम कण्याच्या दोन्ही बाजूंस असलेली, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे अहोरात्र करीत असतात. ती निकामी होऊ लागली की याच तीन द्रव्यांचा रक्तात साठा होतो. खताची मात्रा अधिक झाली म्हणजे पीक करपते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या आजाराचे निम्मे मर्म समजले, असे म्हणावयास हरकत नाही.

निरोगी मूत्रपिंडे दिवसभरात रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतेक सर्व परत रक्तात सोडून केवळ दीड लिटरच्या आसपास मूत्र बाहेर टाकतात. याशिवाय तांबड्या पेशींच्या निर्मितीस चालना देणारे संप्रेरक तयार करणे, ‘ड’ जीवनसत्त्व हाडांच्या उपयोगी पडेल अशा रूपात आणणे आणि रक्तदाबाचे नियमन करणे, ही कामेही त्यांच्याकडेच असतात. म्हणूनच या रुग्णाला लघवीच्या तक्रारीपेक्षा अशक्तपणा, धाप, पायांवरील सूज आणि अंगाची खाज यांचाच त्रास पुष्कळदा अधिक होतो. मधुमेह व उच्च रक्तदाब ही या आजाराची दोन प्रमुख कारणे होत. बराच पुढे जाईपर्यंत तो लक्षणे दाखवीत नाही. मात्र लघवीतील प्रथिने व रक्तातील क्रिएटिनिन यांच्या साध्या तपासणीने तो वेळीच ओळखता येतो.

गाळण्याची क्षमता साधारणतः शेकडा १५ च्या खाली गेली की डायलिसिसचा किंवा मूत्रपिंडरोपणाचा विचार सुरू होतो. आपल्याकडे रूढ असलेल्या पद्धतीत रुग्ण आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्रावर असतो. आठवड्याचे तास १६८. त्यांतील १२ तास यंत्राचे. उरलेले १५६ तास रुग्ण आपल्या घरी, शेतात, शाळेत किंवा कचेरीत असतो. रुग्णालयातील उपचारांबद्दल घरात पुष्कळ चर्चा होते, परंतु रुग्णाची प्रकृती कशी राहील हे या १५६ तासांवरही तितकेच अवलंबून असते, आणि त्यांची जबाबदारी कोणाची हे सहसा ठरलेले नसते.

स्वयंपाकघरातील उपचार

प्रथम एक सर्वत्र आढळणारा गैरसमज. ‘भरपूर पाणी प्यावे, म्हणजे मूत्रपिंडे साफ होतात’ हा सल्ला मुतखड्याच्या रुग्णाला योग्य असला तरी ज्याची लघवी कमी झाली आहे अशा रुग्णाला तो घातक ठरतो. बाहेर न पडलेले पाणी प्रथम पायांवर आणि नंतर फुप्फुसांत साचते. आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली त्यात सुमारे अर्धा लिटर मिळवून येईल तेवढेच दिवसाचे पाणी, असा ढोबळ हिशेब डॉक्टर सांगतात; त्यात चहा, ताक, आमटी हे सर्व आले. दररोज सकाळी ठराविक वेळी वजन करून ते वहीत लिहून ठेवले, तर साचलेले पाणी सूज दिसण्यापूर्वीच कळते. यासाठी लागणारा वजनकाटा ही या घरातील सर्वांत उपयुक्त खरेदी होय.

तहान वाढविणारा खरा शत्रू मीठ आहे. झणझणीत कांदा-लसूण चटणी, खर्डा, पापड, लोणचे यांवर वाढलेल्या जिभेला अळणी जेवण शिक्षेसारखे वाटते, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिखटपणा आणि खारटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लसूण, जिरे, मिरे, लिंबाचे चार थेंब यांनी चव राखता येते. रुग्णासाठी वेगळे पातेले चढविण्याऐवजी सर्वांचीच भाजी कमी मिठाची करून इतरांनी वरून मीठ घ्यावे, ही तडजोड अधिक टिकते. सैंधवालाही सूट नाही, कारण तेही प्रामुख्याने तेच मीठ आहे. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात तर सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. या रुग्णाने ते घेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय.

पोटॅशियम हा या आहारातील सर्वांत कठीण विषय आहे, कारण ते एकाएकी वाढल्यास हृदय बंद पडू शकते आणि त्याची पूर्वसूचना मिळेलच असे नाही. उसाचा रस, शहाळे, केळी, गूळ यांत ते भरपूर असते. नारळाच्या दुधातील पांढरा रस्सा व दूधकट्ट्यावरील म्हशीचे धारोष्ण दूध ही कोल्हापूरची भूषणे खरी. पण पहिल्यात पोटॅशियम आणि दुसऱ्यात त्याच्या जोडीला स्फुरदही असल्याने या रुग्णाला ती क्वचित व मोजूनच घेता येतात. कमरख हे फळ तर पूर्णपणे वर्ज्य समजावे. त्यातील विषारी द्रव्य मेंदूवर परिणाम करते. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळाव्यात व ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे पोटॅशियम बरेच कमी होते. फळांत सफरचंद, नासपती, अननस ही त्या मानाने सुरक्षित.

उपवासाचा दिवस हा पथ्याचा दिवस, अशी आपली समजूत आहे. या रुग्णाच्या बाबतीत ती उलटी ठरते. शेंगदाणे, बटाटा, रताळे, राजगिरा, केळी हे फराळाचे बहुतेक पदार्थ पोटॅशियमने समृद्ध आहेत. अंबाबाईच्या नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्या घरांत ही गोष्ट वडीलधाऱ्यांनी मनावर घेतली पाहिजे. आजाऱ्याने उपवास मोडला तर देवी रागावते, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले ऐकिवात नाही.

प्रथिनांच्या बाबतीत घरोघरी एक चूक होते. डायलिसिसपूर्वीच्या काळात डाळी, अंडी, मांस यांचे प्रमाण बेताचे ठेवण्यास सांगितलेले असते. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र प्रथिनांची गरज वाढते. तरीही जुने पथ्य तसेच चालू राहते आणि रुग्ण खंगत जातो. कोणत्या टप्प्यावर काय खावे, हे आहारतज्ज्ञाकडून दर काही महिन्यांनी नव्याने लिहून घेणे इष्ट. अंगदुखी व कंबरदुखीवर दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि घटकांची माहिती नसलेली भस्मे यांना तर कोणत्याच टप्प्यावर थारा देऊ नये. उरलेसुरले कार्यही त्यांनी जाते.

डायलिसिसचा हात

नियमित डायलिसिससाठी मनगटाजवळ किंवा कोपराजवळ रोहिणी व नीला जोडून ‘फिस्टुला’ तयार करतात. तो वापरण्याजोगा होण्यास काही आठवडे लागतात, म्हणून शस्त्रक्रिया आधीच करून घेणे शहाणपणाचे. त्यावर बोटे ठेवली असता मांजर घुरघुरल्यासारखी थरथर लागते. दररोज सकाळी ती पाहावी. थांबली असेल तर त्याच दिवशी केंद्र गाठावे. या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, सुई टोचू देऊ नये, घट्ट बांगड्या वा घड्याळ घालू नये, आणि वैरणीची मोळी किंवा दुधाची किटली त्या हाताने उचलू नये.

डायलिसिस म्हणजे अखेर, अशी भीती पुष्कळांना वाटते. वस्तुतः डायलिसिसवर वर्षानुवर्षे नोकरी व व्यवसाय करणारी माणसे आहेत. त्यांना सहानुभूतीपेक्षा वेळेची सोय अधिक हवी असते. कार्यालयप्रमुखाने आठवड्यातील तीन दिवसांचे काम रुग्णाच्या पाळीप्रमाणे लावून दिले, तर एक कुटुंब उत्पन्नासह उभे राहते. शिक्षकांच्या बाबतीत आणखी एक सूचना. सकाळी पापण्या सुजलेले, फेसाळ लघवी होणारे मूल नेफ्रॉटिक सिंड्रोमचे असू शकते. बहुसंख्य मुलांना स्टेरॉइडने गुण येतो, पण औषधाने चेहरा गोल होतो आणि वर्गातील मुले चिडवू लागली की मूल गोळ्या टाकून देते. अशा वेळी वर्गशिक्षकाचा एक शब्द औषधाइतकाच उपयोगी पडतो.

खर्चाच्या दृष्टीने, केंद्र शासनाने २०१६ साली जाहीर केलेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा पातळीवर दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना मोफत डायलिसिसची तरतूद झाली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस व मूत्रपिंडरोपण यांचा समावेश आहे. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने रोपणासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्यात आली. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन जावे. एसटीच्या प्रवास सवलतींतही डायलिसिसच्या रुग्णांचा समावेश करण्यात आलेला आहे; त्याची चौकशी आगारात करावी.

पंचगंगेचा पूर

कोल्हापूरच्या रुग्णापुढे एक प्रश्न असा आहे, जो पुस्तकी पथ्यपत्रकात सापडत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला, शिरोळ तालुक्यातील गावांतून माणसे नावेने बाहेर काढावी लागली. जुलै २०२१ मध्ये हीच स्थिती पुन्हा उद्‌भवली. दोन डायलिसिसमधील अंतर तीन दिवसांपलीकडे गेले की रुग्णाच्या जिवाला धोका निर्माण होतो, आणि येथे तर रस्तेच आठवडाभर उघडत नव्हते.

शहरात पोहोचलेला रुग्णही सुरक्षित झाला, असे नाही. चार तासांच्या एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते आणि ते तयार करताना त्याहून बरेच अधिक पाणी खर्ची पडते. दोन्ही महापुरांत उपसा केंद्रे पाण्यात गेल्याने शहराचा पाणीपुरवठा खंडित झाला होता. चोहोकडे पाणी आणि नळ कोरडे, अशा अवस्थेत टँकर व वीज प्रथम कोणाला द्यावयाची, या यादीत डायलिसिस केंद्रांचे स्थान आधीच निश्चित असले पाहिजे.

ग्रामपंचायतीला करता येण्यासारखे काम खर्चाचे नाही. आशा सेविकेच्या मदतीने, रुग्णाच्या संमतीने, मे महिन्यातच डायलिसिसवरील रुग्णांची यादी करावी. तीत केंद्राचे नाव, वार व पाळी, कोरडे वजन आणि चालू औषधे यांची नोंद असावी. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली म्हणजे नदीकाठचा माणूस गुरे हलवू लागतो. त्याच वेळी हा रुग्णही हलला पाहिजे, पाणी इशारा पातळीस पोहोचण्याची वाट न पाहता. शक्य असल्यास केंद्राशी बोलून एक डायलिसिस आधीच करून घ्यावे. मिरज-सांगलीकडे जाणाऱ्या शिरोळकरांनी कृष्णेचा पूरही त्याच दिवसांत असतो, हे ध्यानात घ्यावे. मार्ग तुटलाच, तर पाणी निम्म्यावर आणावे, डाळी, दूध, मांस कमी करावे, फळे व सुकामेवा बंद ठेवावा. हे ‘पुराचे पथ्य’ डॉक्टरांकडून पावसाळ्यापूर्वीच लिहून घ्यावे. मदत छावणीत प्रेमाने दिलेले केळे या रुग्णाने नाकारले, तर स्वयंसेवकाने आग्रह करू नये.

गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड यांसारख्या लांबच्या तालुक्यांतील काही रुग्णांना पोटातील पडद्याद्वारे घरीच करावयाचे डायलिसिस सोयीचे ठरू शकते. दिवसातून साधारणतः चार वेळा द्रवाची पिशवी बदलावी लागते, हातांची स्वच्छता काटेकोर लागते आणि बाहेर येणारा द्रव गढूळ दिसल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावे लागते. पावसाळ्यात पिशव्यांचा पुरेसा साठा मात्र घरात हवा.

मूत्रपिंडाचे दान

भारतात मूत्रपिंडरोपणाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९७१ साली वेल्लोर येथे झाली. १९९४ च्या कायद्याने अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला. आई-वडील, मुले, भावंडे व पती-पत्नी हे निकटचे नातेवाईक मानले जातात; २०११ च्या दुरुस्तीने त्यांत आजी-आजोबा व नातवंडे यांची भर पडली आणि ज्या दोन कुटुंबांतील दात्यांचे अवयव आपापल्या रुग्णास जुळत नाहीत, त्यांना परस्परांत अदलाबदल करण्याची मुभा मिळाली. मेंदूमृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी कोल्हापूरच्या रुग्णाची नोंद रुग्णालयामार्फत पुणे येथील विभागीय समन्वय केंद्राकडे होते. रोपणानंतरही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे ठरलेल्या वेळी आयुष्यभर घ्यावी लागतात. ‘आता बरे वाटते’ म्हणून ती सोडल्यास मिळालेले मूत्रपिंड गमावण्याची वेळ येते.

आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये आई, पत्नी, बहीण यांची संख्या अधिक असते आणि मूत्रपिंड मिळणाऱ्यांत पुरुषांची. यात प्रेम आहे, तसाच घरातील दबावही असू शकतो. म्हणून दात्याशी डॉक्टरांनी एकांतात बोलणे आवश्यक आहे. शस्त्रक्रियेनंतर घरातील सर्वांचे लक्ष रुग्णाकडे लागते आणि ती बाई टाके निघाल्यावर पुन्हा चुलीपाशी व गोठ्यात रुजू होते. तिलाही काही आठवडे जड काम वर्ज्य असते आणि पुढे दर वर्षी रक्तदाब, लघवी व क्रिएटिनिन यांची तपासणी करून घ्यावयाची असते. रुग्णाच्या फाईलशेजारी तिच्या नावाची दुसरी फाईल असावी.