पंधरवड्याचं करिअर

कोथरूडमधल्या एका फ्लॅटमध्ये दर दुसऱ्या रविवारी सकाळी पाच-सहा जण जमतात. पोहे होतात, चहा होतो आणि मग सगळे बेडरूममधल्या लोखंडी कपाटासमोर खुर्च्या ओढून बसतात. कपाटाच्या दारावर रंगीत चिकट चिठ्ठ्यांचे तीन उभे रकाने आहेत: करायचंय, चालू, झालं. यजमान आयटी कंपनीत स्क्रम मास्टर आहेत. ऑफिसात सॉफ्टवेअरसाठी जे करतात, तेच इथे माणसांच्या नोकरीधंद्यासाठी करून बघतात. गेले काही महिने मी तिथे कोपऱ्यात बसून बघतो आहे.

या प्रकाराचं मूळ सॉफ्टवेअरमधल्या एका जुन्या दुखण्यात आहे. आधी सगळ्या गरजा लिहून घ्यायच्या, मग आराखडा, मग कोड आणि अगदी शेवटी चाचणी. तोवर गिऱ्हाईकाची गरजच बदललेली असायची. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी 1995 मध्ये ‘स्क्रम’ ही छोट्या टप्प्यांची पद्धत जाहीरपणे मांडली. पुढे फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात, स्नोबर्डच्या स्की रिसॉर्टवर 17 जण जमले आणि त्यांनी ‘अ‍ॅजाइल’चा जाहीरनामा लिहिला. थोडं करा, दाखवा, ऐका, पुढचं ठरवा, असा साधारण मामला. आपल्या घरांतली करिअरची योजना मात्र अजून जुन्याच पद्धतीची असते. दहावी, बारावी सायन्स, इंजिनिअरिंग, कॅम्पस, ऑनसाइट, फ्लॅट. हे काम आपल्याला मानवतं का, ही चाचणी तिशी उलटल्यावर, हप्ते सुरू झाल्यावर.

एका रविवारी मॅन्युअल टेस्टिंग करणाऱ्या ताईंची चिठ्ठी चर्चेला आली. ‘ऑटोमेशन शिकणे.’

“ताई, ही दिवाळीपासून ‘चालू’मध्येच आहे.”

“चालूच आहे की हो. रोज रात्री व्हिडिओ बघते.”

“मग काय झालं ते दाखवा.”

“दाखवण्यासारखं काय असतं त्यात?”

यजमान काही बोलले नाहीत, नुसते चिठ्ठीकडे बघत राहिले. पुढचा अर्धा तास ती एक चिठ्ठी फोडण्यात गेला आणि मला वाटतं, या सगळ्या खटाटोपातलं खरं कसब तेवढंच आहे. शेवटी नव्या चिठ्ठीवर आलं ते असं: सेलेनियम हे ऑटोमेशनचं साधन वापरून लॉगिनच्या पानाच्या तीन चाचण्या लिहायच्या, त्या आपोआप चालल्या पाहिजेत आणि टीममधल्या एका डेव्हलपरनं वाचून शेरा दिला पाहिजे. शेवटची अट ताईंना नको होती. “त्याला कशाला मध्ये आणायचं?” पण ‘झालं’ म्हणजे नेमकं काय, हे आधी लिहून ठेवायचं आणि त्यात दुसऱ्या कुणाची तरी नजर असायची, हा इथला नियम आहे. ‘शिकणे’, ‘सुधारणे’, ‘प्रयत्न करणे’ अशा क्रियापदांच्या चिठ्ठ्या कपाटावर लावूच देत नाहीत. डेव्हलपरनं नंतर दोन ओळींचा शेरा दिला. त्यातली एक ओळ चांगली खरमरीत होती. ताईंनी ती फोनवर सगळ्यांना दाखवली.

चाकणच्या कारखान्यातल्या डिप्लोमावाल्या तरुणाचं वेगळंच होतं. प्रत्येक कामाला इथे कष्टाचा अंदाज म्हणून आकडा देतात: 1, 2, 3, 5, 8, 13. तो दर खेपेला तेरा-चौदाचा ऐवज उचलायचा आणि पाचच्या आसपास थांबायचा. मागच्या पंधरवड्यांचे आकडे समोर ठेवल्यावर दिसलं, की नाइट शिफ्टचा आठवडा आला की सगळंच निम्म्यावर येतं. “म्हणजे पाचच घ्यायचे?” “पाचच.” त्याचं तोंड पडलं, पण त्या पंधरवड्यात पाचच्या पाच पूर्ण झाले.

त्याच्या यादीत सगळ्यात वर जपानी होतं. पुण्यात जपानीला मागणी आहे हे त्यानं ऐकलं होतं. एन-5 ते एन-1 अशा पाच पातळ्या, परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये. क्लासची फी भरायच्या बेतात होता. ताईंनीच त्याला विचारलं, “शिकून करणार काय?” उत्तर नव्हतं. मग चिठ्ठी बदलली: जपानी कंपन्यांत दुभाष्याचं काम करणाऱ्या दोघांना भेटायचं. दोघांनीही सांगितलं, की एन-3 च्या खाली कुणी विचारत नाही आणि नोकरी सांभाळून तिथवर जायला दोन-तीन वर्षं तरी धरून चाल. जपानीची चिठ्ठी यादीच्या तळाशी गेली. खर्च झाला दोन वेळच्या चहाचा.

स्क्रमच्या मार्गदर्शिकेत एक नियम आहे: काय आधी आणि काय नंतर हे ठरवणारा ‘प्रॉडक्ट ओनर’ एकच माणूस असावा, समिती नको. मराठी घरात हे वाचून दाखवा. आई, बाबा, मामा आणि लग्न झालं असेल तर सासरेबुवाही त्या समितीचे कायम सदस्य असतात.

आणि ‘अ‍ॅजाइल’च्या उत्साहात काही गोष्टी सोयीस्करपणे विसरल्या जातात. स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक टप्पा, बहुधा दोन आठवड्यांचा असतो, अनेक आयटी कंपन्यांचा नोटीस पीरियड तीन महिन्यांचा. गृहकर्जाचा हप्ता कुणाच्या रेट्रोस्पेक्टिव्हसाठी, म्हणजे झालेल्या टप्प्याकडे मागे वळून बघण्याच्या बैठकीसाठी, थांबत नाही. काही वाटा तर मुळातच तुकड्यांत चालता येत नाहीत. सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करणारा लातूरचा एक मुलगा काही काळ यायचा. त्याचा प्रश्न बिनतोड होता: “अर्धी परीक्षा पास होता येतं का, सर?” नाही येत. शिवाय तिथे नियम बदलू शकतात. मुख्य परीक्षेची नवी वर्णनात्मक पद्धत लगेच नको, 2025 पासून लागू करा म्हणून 2023 मध्ये विद्यार्थी पुण्यात रस्त्यावर उतरले आणि ते मान्य झालं, म्हणजे त्या काळात तयारी करणाऱ्याला पेपर कसा असेल याचीच खात्री नव्हती. त्याला या पद्धतीतून उपयोगी पडलं ते एकच, आधी ठरवलेली मुदत. येती मुख्य परीक्षा द्यायची, निकाल काहीही लागो, त्यानंतर तयारी थांबवायची. तोवर आठवड्यातून तीन संध्याकाळी एका क्लासमध्ये राज्यशास्त्र शिकवून बघायचं. शिकवणं त्याला आवडलं. परीक्षेचं काय झालं ते मला माहीत नाही, नंतर तो यायचा बंद झाला.

माझ्या मनात सुरुवातीपासून एक शंका होती. धरसोडीला दिलेलं हे इंग्रजी बारसं तर नव्हे? आज डेटा, उद्या जपानी, परवा यूट्यूब. उत्तर मिळालं ते त्यांच्या सगळ्यात कंटाळवाण्या नियमात. पंधरवड्याच्या मध्ये दिशा बदलायची नाही. बुधवारी रात्री कुणाचा पगार ऐकून जीव जळला, तरी चिठ्ठी लिहून ‘करायचंय’मध्ये टाकायची आणि रविवारपर्यंत गप्प बसायचं. यातल्या बऱ्याच चिठ्ठ्या रविवारी लिहिणाराच काढून टाकतो. धरसोडीत आणि बदलात फरक करायला मला तरी याहून स्वस्त कसोटी दिसलेली नाही.

कपाट, रंग, आकडे यांचं कौतुक मला फारसं नाही. ते नसले तरी चालतं. करून बघायचं असेल तर अ‍ॅप उतरवण्यात शनिवार घालवू नका. वहीच्या एका पानावर पुढच्या पंधरा दिवसांत दाखवता येईल असं एक काम लिहा आणि ते पान अशा माणसाला द्या, जो तुमचा नातेवाईक नाही आणि ठरल्या दिवशी विचारायला विसरणार नाही.