गच्चीवरची बोलकी तार

ज्या घरांत पन्नास-साठ वर्षांपूर्वी रेडिओ होता, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना 'एरियल' या शब्दाची ओळख करून द्यावयास नको. भिंतीच्या वरच्या अंगास ताणून बसविलेली तांब्याच्या जाळीची लांबट पट्टी, अथवा गच्चीवर दोन बांबूंच्या मध्ये चिनीमातीच्या अंड्यांना अडकविलेली तार, हे तेव्हाच्या मध्यमवर्गीय घराचे एक लक्षणच होते. आमच्या छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, या विद्येचा वारसा त्याहूनही जुना आहे. निजामी अमलात हैदराबादेप्रमाणे येथेही ध्वनिक्षेपणकेंद्र होते, आणि स्वातंत्र्यानंतर संस्थानांतील जी पाच केंद्रे आकाशवाणीत सामील झाली त्यांत म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदे व हैदराबाद यांच्या पंक्तीस औरंगाबादही होते. पुढे खिशात मावणारे ट्रान्झिस्टर आले, मग घराघरांत तबकड्या आल्या, आणि ती तार कोणी उतरवली हेही कोणाच्या ध्यानात राहिले नाही.

तीच तार पुन्हा गच्चीवर चढविण्याचा उद्योग आम्ही गेल्या हिवाळ्यात केला. मात्र ही तार नुसती ऐकण्याची नव्हे, बोलण्याचीही आहे. सरकारी परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळविलेले हौशी बिनतारीवाले, ज्यांना जगभर 'हॅम' या काहीशा विचित्र नावाने ओळखतात, ते आपल्या घरून परस्परांशी संभाषण करतात. त्यात पैसा मिळवावयाचा नसतो, व्यापाराची बोलणी चालत नाहीत, गाणी वाजवावयास परवानगी नसते. आपल्या देशात ही हौस शंभर वर्षांची आहे. कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी १९२१ साली तिचा आरंभ केला, आणि त्याच वर्षी मुकुल बोस हे दुसरे हौशी मिळाल्यावर देशातील पहिले दुतर्फा संभाषण झाले.

तारेची लांबी किती असावी, येथपासून विषय सुरू होतो; आणि आमच्या मते सर्व मौज येथेच आहे. सतारीची तार जशी आपल्या लांबीप्रमाणे एका विशिष्ट सुरास जुळते, तशीच एरियलची तार एका विशिष्ट तरंगास जुळते. तरंगाच्या लांबीच्या निम्मी तार घ्यावी, ती मधोमध तोडावी, आणि त्या तुटलेल्या जागी यंत्राकडून येणारी केबल जोडावी; की झाले द्विध्रुव एरियल, ज्याला हौशी लोक 'डायपोल' म्हणतात. गणित सोपे आहे. १४२.६ या आकड्यास मेगाहर्ट्झने भागले की तारेची एकूण लांबी मीटरमध्ये निघते. आम्हांस ७.१ मेगाहर्ट्झवर बोलावयाचे होते. भागाकार आला २०.०८, म्हणजे प्रत्येक बाजूस सुमारे दहा मीटर.

हा सात मेगाहर्ट्झचा पट्टा आम्ही का निवडला, याचे एक कारण इतिहासाचे आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत बदलत जी गुप्त काँग्रेस रेडिओ चालविली, ती ४२.३४ मीटरवर ऐकू येत असे. त्याचे मेगाहर्ट्झ केले तर ७.०८ भरतात, म्हणजे हौशी लोकांच्या आजच्या पट्ट्याच्या अगदी पोटात! १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी ती पकडली आणि उषाबेन चार वर्षांसाठी तुरुंगात गेल्या. त्या काळी महायुद्धामुळे हौशी बिनतारीवाल्यांना आपली प्रक्षेपणयंत्रे पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे हुकूम सुटलेले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मंडळींच्या धाडसाची कल्पना येते.

दुसरे कारण भूगोलाचे. सूर्यकिरणांमुळे वातावरणाच्या अतिशय वरच्या थरांत, दोनशे ते चारशे किलोमीटर उंचीवर, विद्युत्भारित कणांचे एक छत तयार होते. सात मेगाहर्ट्झचे तरंग त्या छतावर आपटून खाली येतात. तार जमिनीपासून पाव तरंगाइतक्या, म्हणजे दहा-बारा मीटर उंचीवर असली, तर तिचा बराचसा जोर कारंज्यासारखा सरळ वर जातो आणि सभोवार दोन-चारशे किलोमीटरांत पाऊस पडावा तसा उतरतो. आमच्या शहरापासून पुणे सरळ रेषेत सुमारे २१५ किलोमीटर, मुंबई २७०, नागपूर ४१५. सगळा महाराष्ट्र त्या कारंज्याखाली येतो. फार उंच मनोऱ्यावरची तार परदेशाशी बोलावयास चांगली; शेजारच्या जिल्ह्याशी बोलावयास आमची ठेंगणीच बरी. गरिबास सोयीचे असे विज्ञानाचे नियम फारसे नसतात. हा एक आहे.

आता साहित्य. प्लास्टिकच्या वेष्टणाची दीड चौरस मिलीमीटर जाडीची घरगुती वायरिंगची तांब्याची तार बावीस मीटर, टोकांना अडकविण्यास चिनीमातीची अंडी, ती न मिळाल्यास पीव्हीसी नळीचे वीतभर तुकडे, नायलॉनची दोरी, पन्नास ओहमची 'आर. जी. ५८' जातीची केबल. आणि एक बळकट बांबू. केबल तारेस जोडण्यापूर्वी तिचे आठ-दहा वेढे नळीच्या तुकड्यावर घालून घट्ट बांधावे. असे न केल्यास विद्युत्प्रवाहाचा काही भाग केबलच्या बाहेरच्या अंगावरून परत घरात उतरतो आणि यंत्राच्या धातूच्या पेटीस हात लागताच चटका बसू शकतो. जोड डाखून त्यावर पावसाचे पाणी शिरू न देणारी चिकटपट्टी गुंडाळावी. केबलमध्ये एकदा पाणी शिरले की ती गेलीच म्हणून समजावे.

आमची गच्ची लहान. जिन्याच्या खोलीवर बांबू उभा करून दोन्ही हात उतरत्या छपरासारखे खाली आणले, तरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकोणीस मीटर जागा लागणार होती. आमच्या गच्चीवर तेरा भरत होती. एक टोक शेजारच्या कठड्यास बांधणे प्राप्त होते. शेजारचे गृहस्थ सज्जन. परंतु त्यांनी स्वच्छ सांगितले, ''वीज पडेल. शिवाय ही भानगड मुलाबाळांच्या डोक्यावर नको.'' शंका रास्त होती. आम्ही त्यांस सांगितले की ही तार घरापेक्षा फार उंच नाही, वादळाच्या वेळी केबल यंत्रापासून सोडवून घराबाहेरच जमिनीत गाडलेल्या तांब्याच्या सळईस जोडून ठेवू, आणि टोके हात पोचणार नाहीत इतकी उंच बांधू. कारण प्रक्षेपण चालू असता टोकांवरच दाब सर्वांत अधिक असतो. ते मान हलवीत ऐकत होते, पण होकार देईनात.

होकार दिला तो त्यांच्या मातोश्रींनी. आजींचे माहेर औसा तालुक्यातील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे निजली असता, किल्लारी आणि भोवतालच्या बावन्न गावांवर जो घाला आला, त्यात सुमारे दहा हजार माणसे गेली. आमच्या शहरापासून किल्लारी सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटर. आजी म्हणाल्या, ''भाऊ जिवंत आहे की नाही हे कळायला मला पाच दिवस लागले. फोन नाही, तार नाही. तुमची ही दोरी तिथपर्यंत पोचते का?'' आम्ही म्हटले, ''पोचते, आजी. तिथेही कोणी अशी दोरी बांधून बसला असला पाहिजे, एवढेच.'' आजी मुलास म्हणाल्या, ''बांधू दे रे त्यांना.''

हे उत्तर आम्ही आजींच्या समाधानासाठी दिलेले नव्हते. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी, आणि पुढे २००१ च्या गुजरातच्या भूकंपातही, हौशी बिनतारीवाले निरोप पोचविण्याच्या कामी उभे राहिले होते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानचे दळणवळण तुटले तेव्हा दिल्लीच्या भारती प्रसाद या भगिनी आपले यंत्र घेऊन योगायोगाने पोर्ट ब्लेअर येथे होत्या. हौसेखातर नेलेल्या त्या यंत्रावरून पुढे कितीतरी कुटुंबांस आपल्या माणसांची खुशाली कळली. ज्या आमच्या वाचकभगिनी हा पुरुषांचा खेळ म्हणून पान उलटणार असतील, त्यांनी तूर्त थांबावे. अशा प्रसंगी मनोरे उभारावयास सवड नसते. दोन झाडे, दोरी, वीस मीटर तार आणि मोटारीची बॅटरी एवढ्यावर काम चालते. मात्र तार कशी जुळवावी हे आधीपासून हातास ठाऊक असावे लागते.

जुळविण्याचे काम येणेप्रमाणे केले. हिशेबाने दहा मीटर येत असता आम्ही प्रत्येक हात १०.३० मीटर ठेवला. कारण तार तोडता येते, वाढविता येत नाही. तार वर चढवून मापकाने पाहिले, तो ती ६.८७ मेगाहर्ट्झला जुळलेली. वेष्टणाच्या तारेत तरंग किंचित मंद चालतो, त्यामुळे ती आपल्या लांबीपेक्षा लांब असल्यासारखी वागते. १०.३० ला ६.८७ ने गुणून ७.१ ने भागले; उत्तर आले ९.९७. म्हणजे प्रत्येक बाजूने ३३ सेंटिमीटर कमी करावयाचे. तार कापण्याऐवजी टोकाशी दुमडून तिच्याच अंगावर पिळून ठेवली. पुन्हा वर चढविली. आता माप अगदी हव्या त्या जागी आले.

तार न जुळविताच यंत्र चालविले तर काय होते, हे आमच्या शहरातील मंडळींस पाणचक्कीवरून सहज समजेल. दूरच्या डोंगरातील पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर जाते फिरविण्याची ती योजना. नळाचे तोंड चक्कीच्या पात्यांशी नीट जुळलेले असेल तर पाण्याचा सारा जोर जात्यास मिळतो. तोंड निम्मे बुजलेले असेल तर पाणी मागे तुंबते आणि नळ फोडू पाहते. न जुळलेल्या तारेवरून शक्ती अशीच मागे उलटते आणि यंत्राचे नाजूक भाग तापवते. दुकानातून हजारो रुपयांचे तयार एरियल आणून उभे करणाऱ्यांविषयी आमचे काही म्हणणे नाही. पण हा भागाकार, हे दुमडणे आणि पुन्हा मोजणे ज्यांनी केले नाही, त्यांची अर्धी मौज हुकली असे आम्हांस वाटते.

एक सूचना मात्र जीवाशी निगडित आहे. विजेच्या खांबांवरील तारा जेथून जातात त्या बाजूस हे काम करूच नये. आपली तार वा बांबू निसटला तर तो त्या तारांवर पडणार नाही इतके अंतर मोजून मगच हात घालावा, आणि वर चढणाऱ्यासोबत खाली एक माणूस असावाच.

पहिल्या दिवशी दुपारी नागपूर आणि पुणे ही दोन्ही ठिकाणे खणखणीत आली. सूर्य मावळल्यावर जवळची स्थाने हळूहळू विरत गेली आणि दूरदूरच्या देशांचे मोर्सचे टिकटिक आवाज वर येऊ लागले. सायंकाळी आजी जिना चढून आल्या, कानास यंत्र लावून बसल्या आणि लातूरकडचे कोणी आहे का, असे विचारते झाल्या. त्या दिवशी नव्हते. चौथ्या दिवशी लातूरचे एक गृहस्थ सापडले. आजींनी त्यांच्याकडून तिकडच्या पावसाची चौकशी आमच्यामार्फत करविली.

नायलॉनची दोरी आमच्याकडील उन्हात दोन वर्षांत ठिसूळ होते; ती मृगापूर्वी बदलावी. वळवाचे ढग दिसताच केबल सोडवावी. आणि संक्रांतीच्या आठवड्यात गच्चीवर रोज एक फेरी मारावी, कारण पतंगाचा मांजा तारेत अडकला की ओढणारे पोर ती तार कोणाची हे पाहत नाही.