लोकांच्या अभिप्रायातून घडणारा ब्राउझर

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर असो वा घाटाखाली, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, शाळेत आणि आपले सरकार सेवा केंद्रात होणारे बरेचसे कामकाज आज संगणकाच्या पडद्यावरील एका चौकटीतून चालते. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, सातबाराचा उतारा, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचा तपशील यांपैकी काहीही हवे असले तरी प्रथम ती चौकट उघडावी लागते. ही चौकट म्हणजे ब्राउझर होय. मराठीत त्यास ‘न्याहाळक’ असाही शब्द सुचविण्यात आला आहे. तथापि व्यवहारात ब्राउझर हाच शब्द रूढ झाला आहे.

ही चौकट कोणी घडवावी आणि कोणाच्या सोयीने घडवावी, हा प्रश्न वरकरणी केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. वस्तुस्थिती तशी नाही. जगात टिकून राहिलेल्या ब्राउझरांच्या घडणीत सामान्य वापरकर्त्यांनी कळविलेल्या अडचणींचा फार मोठा वाटा आहे. आपल्या देशातही नवे ब्राउझर तयार होत असताना आपल्या अडचणी योग्य ठिकाणी आणि योग्य रीतीने कळविणे, हे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांचेही काम ठरते.

एका शब्दाची कसोटी

बुलढाणा जिल्हा ज्या प्रदेशात मोडतो त्याचे नाव ‘वऱ्हाड’. मराठी ब्राउझरची परीक्षा घेण्यास हा एकच शब्द पुरेसा आहे. या शब्दातील अर्धा ‘र’ हा ‘सूर्य’ किंवा ‘पर्व’ या शब्दांतील रफारासारखा डोक्यावर जात नाही. तो अक्षराच्या डाव्या बाजूस आडव्या रेघेसारखा राहतो. हिंदीत या अक्षराची गरज पडत नाही. म्हणून केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या व्यवस्थेत ‘वऱ्हाड’ऐवजी ‘वर्हाड’ उमटण्याचा धोका असतो.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. संगणकावरील अक्षरांसाठी जगभर मान्य असलेल्या युनिकोड या प्रमाणात हा अर्धा ‘र’ दोन प्रकारे साठविता येतो. दोन्ही प्रकारांनी पडद्यावर एकच आकृती दिसते, पण संगणकाच्या दृष्टीने ते दोन भिन्न शब्द असू शकतात. एका गावाच्या यादीत एखादे आडनाव एका प्रकारे टंकित केलेले असेल आणि शोध घेणाऱ्याने ते दुसऱ्या प्रकारे टंकित केले, तर समोर असलेले नावही सापडत नाही. ‘ॲ’ या अक्षराची कथाही अशीच आहे. मराठीत नित्य लागणाऱ्या या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत लोकांनी निरनिराळ्या युक्त्यांनी ते लिहिले. त्यामुळे जुन्या व नव्या नोंदी आजही एकमेकींशी जुळतातच असे नाही. ज्याचे नाव यादीत ‘सापडत नाही’, त्याच्या दृष्टीने ही बाब केवळ लिपीची राहत नाही; त्याचा दाखला किंवा अनुदान तिच्यावर अडून राहते.

शिक्षकांच्या परिचयाचे तिसरे उदाहरण ‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांचे आहे. मराठी वळणाचा ‘ल’ व ‘श’ आणि हिंदी वळणाचे तेच वर्ण यांत फरक आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेच्या प्रमाणीकरणाचा निर्णय काढून ही वळणे निश्चित केली. अनेक अक्षरसंचांत दोन्ही वळणे असतात. त्यांपैकी कोणते दाखवावे हे ब्राउझर ठरवितो आणि त्यासाठी पानाची भाषा मराठी असल्याची सूचना संकेतस्थळाने दिलेली असावी लागते. ती सूचना नसेल तर पहिलीच्या मुलाने पाटीवर गिरविलेला ‘ल’ आणि पडद्यावरचा ‘ल’ यांचा मेळ बसत नाही.

ब्राउझरचे अंतरंग

संकेतस्थळाकडून ब्राउझरला मिळतो तो मजकूर आणि त्याच्या मांडणीविषयीच्या सूचना. त्यांवरून पान उभे करण्याचे काम ब्राउझरच्या अंतर्भागातील एक यंत्रणा करते. तिला इंजिन म्हणतात. आज प्रमुख इंजिने तीनच आहेत. क्रोम व एज हे ब्लिंकवर, फायरफॉक्स हा गेकोवर आणि सफारी हा वेबकिटवर चालतो. बाजारात नव्या नावाने येणारे बहुतेक ब्राउझर यांपैकीच एखाद्या इंजिनावर, विशेषतः ब्लिंकवर, उभारलेले असतात. क्रोम आणि फायरफॉक्स या दोहोंत अक्षरे जोडून त्यांना योग्य आकार देण्याचे काम हार्फबझ नावाची एकच मुक्त आज्ञावली करते. यास्तव एका जागरूक मराठी वाचकाने दाखवून दिलेला जोडाक्षराचा दोष तेथे दुरुस्त झाला, तर त्याचा लाभ एकाच वेळी अनेक ब्राउझरांच्या वापरकर्त्यांना होतो.

अभिप्रायातून उभे राहिलेले ब्राउझर

नेटस्केप या अमेरिकन कंपनीने आपल्या ब्राउझरची मूळ आज्ञावली ३१ मार्च १९९८ रोजी सर्वांसाठी खुली केली. त्यातून मोझिला हा प्रकल्प सुरू झाला. या प्रकल्पाने दोषांची एक सार्वजनिक नोंदवही ठेवली. तिचे नाव बगझिला. कोणीही दोष कळवावा, त्याला क्रमांक मिळावा, त्यावर काय कार्यवाही झाली हे सर्वांना पाहता यावे, अशी ती व्यवस्था होती. आवक-जावक नोंदवहीची सवय असलेल्या कार्यालयीन वाचकांना तिचे महत्त्व सांगावयास नको. ज्या तक्रारीला क्रमांक असतो, ती सहसा हरवत नाही. या कामातूनच पुढे फायरफॉक्स तयार झाला आणि त्याची पहिली पूर्ण आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४ रोजी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्स या दैनिकात फायरफॉक्सची दोन पानी जाहिरात आली. तिचा खर्च सुमारे दहा हजार लोकांनी वर्गणीतून उचलला होता.

दुसरे उदाहरण विवाल्डी या ब्राउझरचे. ऑपेरा या नॉर्वेतील ब्राउझरचे एक संस्थापक योन फोन टेट्झनर यांनी जानेवारी २०१५ मध्ये त्याची चाचणीपुरती आवृत्ती लोकांपुढे ठेवली. वापरकर्त्यांच्या सूचना घेत घेत तिच्यात सुधारणा करण्यात आल्या आणि पहिली पूर्ण आवृत्ती एप्रिल २०१६ मध्ये आली. अपुरी वस्तू आधी लोकांच्या हाती द्यावयाची, त्यांचे ऐकावयाचे आणि मग ती पूर्ण करावयाची, अशी ही पद्धत आहे.

भाषेच्या बाबतीतही हेच घडले. फायरफॉक्स आज मराठीत मिळतो आणि त्यातील आज्ञांचे मराठीकरण स्वयंसेवकांनी केले आहे. संगणकावर वारंवार येणाऱ्या शब्दांना प्रत्येक भारतीय भाषेत एकसारखे प्रतिशब्द असावेत, यासाठी ‘फ्युएल’ हा उपक्रम २००८ साली पुण्यातील भाषातंत्रज्ञांच्या पुढाकाराने सुरू झाला. ‘जतन करा’, ‘रद्द करा’, ‘वाचनखूण’ असे शब्द वापरणाऱ्याला चटकन कळतात की नाही, याचा निवाडा शब्दकोशात बसून होत नाही. तो सेवा केंद्रातील खुर्चीवर बसलेल्या माणसाला विचारूनच करावा लागतो.

भारतीय ब्राउझरचा प्रयत्न

केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय ब्राउझर विकसित करण्याची स्पर्धा जाहीर केली. एकूण पारितोषिके ३ कोटी ४१ लाख रुपयांची होती आणि बेंगळुरू येथील सी-डॅक या संस्थेचे तिला साहाय्य होते. ब्राउझर भारतीय भाषांत चालावा, दिव्यांगांना वापरता यावा, मुलांसाठी सुरक्षित असावा, त्यातून दस्तऐवजावर डिजिटल स्वाक्षरी करता यावी आणि संकेतस्थळांची सत्यता पडताळण्यासाठी भारतीय प्रमाणन यंत्रणेवरील विश्वास त्यात अंतर्भूत असावा, या अपेक्षा होत्या. मार्च २०२५ मध्ये निकाल जाहीर झाला. झोहो कॉर्पोरेशनला १ कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक मिळाले; पिंग आणि अज्ञ या संघांना अनुक्रमे ७५ लाख व ५० लाख रुपयांची पारितोषिके मिळाली.

तथापि, पारितोषिक मिळाल्याने ब्राउझर पूर्ण होत नाही. भारतीय भाषांची अट कागदावर मान्य होणे वेगळे आणि लोणार किंवा मोताळा तालुक्यातील एखाद्या केंद्रात, मंद गतीच्या जोडणीवर, जुन्या संगणकावर ‘वऱ्हाड’ नीट उमटणे वेगळे. शेवटची कसोटी तेथेच लागते, आणि तिचा निकाल कळविणारा माणूसही तेथेच असतो.

तक्रार कशी कळवावी

‘संगणक चालत नाही’ किंवा ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढ्या वाक्यावरून कोणताही तंत्रज्ञ काही करू शकत नाही. उपयोगी अभिप्रायात पाच गोष्टी असाव्यात: कोणत्या पानावर अडचण आली, क्रमाने काय काय केले, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय घडले, आणि ब्राउझरचे नाव, त्याची आवृत्ती व यंत्र कोणते होते. सोबत पडद्याचे चित्र जोडल्यास उत्तम. मात्र त्या चित्रात लाभार्थ्याचे नाव, आधार क्रमांक किंवा बँकेचा तपशील येणार नाही याची दक्षता घ्यावी. दोष दाखविण्यासाठी खऱ्या माणसाचा अर्ज न वापरता कल्पित नावाचा अर्ज भरून पाहावा, हे सर्वांत चांगले.

दोष कोणाचा, हेही आधी पाहावे. तेच पान दोन वेगवेगळ्या ब्राउझरांत उघडावे. केवळ एकातच दोष दिसत असेल तर तो बहुधा त्या ब्राउझरचा. दोहोंत दिसत असेल तर तो संकेतस्थळाचा किंवा अक्षरसंचाचा असण्याचा संभव अधिक. पडद्यावर वाचता येणारा मराठी मजकूर दुसरीकडे उतरविताच इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसू लागला, तर ते पान युनिकोडमध्ये नसून जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचात आहे असे समजावे. येथे ब्राउझर बदलून उपयोग नाही. संकेतस्थळ चालविणाऱ्या कार्यालयास कळविले पाहिजे. एवढी छाननी गावपातळीवर झाली, तर तक्रार भलत्या दारी जाऊन पडून राहत नाही.

बहुमत आणि गरज

अभिप्रायाच्या पद्धतीला एक मर्यादाही आहे. अनेक ब्राउझर आपल्या वापराची आकडेवारी आपोआप गोळा करतात. काही ठिकाणी मागण्यांवर मतेही घेतली जातात. परंतु जो अडचणीमुळे ब्राउझर वापरूच शकला नाही, तो त्या आकडेवारीत येत नाही. त्याचे मौन हे समाधान समजले जाते.

आपल्या जिल्ह्यात याचे बोलके उदाहरण आहे. जळगाव जामोद तालुक्याच्या परिसरात निहाली ही भाषा बोलली जाते. तिचे नाते जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी निश्चितपणे जोडता आलेले नाही आणि ती बोलणाऱ्यांची संख्या दोन-अडीच हजारांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. एखाद्या सोयीसाठी मते मोजली, तर हे लोक नेहमीच हरतील. डोळ्यांनी न दिसणाऱ्या, पडद्यावरील मजकूर ऐकून काम करणाऱ्या व्यक्तीचेही तसेच होईल. म्हणून सूचना स्वीकारताना ती किती जणांनी केली एवढेच न पाहता, तिच्याअभावी माणसाचे काम किती अडते हेही पाहिले पाहिजे. असे लोक बोलत नसतील तेव्हा त्यांच्या वतीने शाळेने आणि पंचायतीने बोलावयाचे आहे.

गावपातळीवर करण्याजोगे

याकरिता मोठ्या खर्चाची गरज नाही. ग्रामपंचायतीच्या संगणकाजवळ एक साधी नोंदवही ठेवावी आणि आलेल्या अडचणी वर सांगितलेल्या पाच मुद्द्यांनुसार क्रमांक घालून लिहाव्यात. महिन्यातून एकदा ग्रामपंचायत अधिकारी, एखादा शिक्षक आणि संगणक चालविणारा कर्मचारी यांनी एकत्र बसून त्यांपैकी ब्राउझरच्या कोणत्या, संकेतस्थळाच्या कोणत्या हे ठरवावे. बहुतेक ब्राउझरांच्या ‘मदत’ या सदरात अडचण कळविण्याची सोय असते, तेथे त्या कळवाव्यात. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांकडून ‘वऱ्हाड’, ‘ॲ’, ‘ल’ आणि ‘श’ यांची तपासणी करून घेतल्यास लिपीचा व विज्ञानाचा पाठ एकाच वेळी होईल. काय कळविले आणि त्याचे काय झाले, हे ग्रामसभेत सांगितले जावे. कारण उत्तर मिळत नाही असे दिसले की लोक सांगणेच सोडून देतात.

विहिरीचा रहाट ज्याला रोज ओढावा लागतो, त्यालाच तो कोठे कुरकुरतो हे ठाऊक असते. ब्राउझरचेही तसेच आहे. तो कोठे अडतो हे जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांतील वापरकर्ते रोज अनुभवतात. हा अनुभव नोंदला गेला आणि घडविणाऱ्यांपर्यंत पोहोचला, तर पुढील ब्राउझर आपल्या भाषेला आणि आपल्या माणसांना ओळखणारा असेल.