भय, धूमकेतू आणि भोपाळ

तरुण वयात मनात उसळणाऱ्या भय, क्रोध, मत्सर आदी विकारांना आवर कसा घालावा, हे शिकविण्यासाठी आपण वडीलधारी मंडळी बहुधा उपदेशाचा आश्रय घेतो. उपदेश वाईट असे आम्ही कसे म्हणावे? आमचा तर तो नित्याचा व्यवसायच आहे! परंतु ‘भिऊ नकोस’ असे बजावल्याने पंधरा वर्षांच्या मुलाचे भय जात नाही. फार तर ते लपविण्यास तो शिकतो. या कामी विज्ञानकथेची मोठी मदत होते, असे आमचे मत झाले आहे.

वाचकहो, विज्ञानकथा म्हणजे केवळ अग्निबाण आणि यंत्रमानव नव्हेत. मॅडलिन लेंगल या अमेरिकन लेखिकेने १९६२ साली ‘अ रिंकल इन टाइम’ ही किशोरांसाठी कादंबरी प्रसिद्ध केली. तिची नायिका मेग ही शीघ्रकोपी, हट्टी आणि स्वतःवरच रुष्ट असलेली मुलगी. हरवलेल्या पित्याच्या शोधात ती परग्रहावर जाते. तेथे एक अवाढव्य मेंदू साऱ्यांची मने आपल्या ताब्यात ठेवून असतो. त्याला विरोध करताना तिचा तो बदनाम संतापच प्रथम तिच्या उपयोगी पडतो; मात्र त्याच्या कचाट्यात सापडलेल्या धाकट्या भावाला सोडविण्यास संताप पुरत नाही, तेथे प्रीतीच लागते. रागाचे बळ कोठवर चालते आणि कोठे सरते, हे मुलाला याहून सोपे करून सांगणे कठीण.

आपल्या मराठीत पाहावयाचे तर डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ असूनही त्यांनी आपली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने धाडली होती. त्यांची ‘धूमकेतू’ ही कथा भयाविषयी आहे, असे आम्ही समजतो. दत्ता नावाचे एक हौशी आकाशनिरीक्षक आपल्या दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधतात. त्यांची कीर्ती होते. पण पत्नी इंद्राणीदेवी अशुभाच्या शंकेने कष्टी होतात. पुढे गणिताने उघड होते की हा धूमकेतू पृथ्वीवर आदळणार! शास्त्रज्ञ गुप्तपणे एकत्र जमतात आणि अणुस्फोटके घेतलेले यान पाठवून त्याला मार्गावरून ढळविण्याचे ठरवितात. इकडे घरी इंद्राणीदेवी नातवाच्या हातून शांतियज्ञ करवितात. संकट टळते, आणि श्रेय त्या यज्ञाला देतात!

इंद्राणीदेवींना हसण्याची घाई कोणी करू नये. भय दोघांनाही होते. शास्त्रज्ञांच्या भयाला मोजमाप मिळाले, काम मिळाले. घरातल्या माणसांना मात्र कोणी काहीच सांगितले नव्हते, म्हणून त्यांच्या भयाने हाती लागेल ते धरले. आपल्या घरांतूनही संकटकाळी असेच घडते.

ही झाली कल्पित गोष्ट. भोपाळने हाच धडा प्रत्यक्ष भोगला. १९८४ च्या डिसेंबरातील २ व ३ तारखांमधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन विषारी वायू निसटला. हजारो माणसे मेली. आत कसले रसायन आहे, ते निसटल्यास काय करावे, हे शेजारच्या वस्तीला कोणी समजावून दिले नव्हते. नाकातोंडावर ओले फडके धरावे, एवढेही नाही. टाकीत उरलेल्या रसायनाचे कीटकनाशक बनवून ते संपविण्यासाठी १६ डिसेंबरपासून शास्त्रज्ञ डॉ. वरदराजन यांच्या देखरेखीखाली कारखाना पुन्हा चालविण्यात आला. या मोहिमेला नाव दिले होते ‘ऑपरेशन फेथ’, म्हणजे श्रद्धा! कुंपणावर ओली कापडे टांगली, हेलिकॉप्टरांतून पाणी शिंपडले, मुख्यमंत्री अर्जुनसिंह स्वतः कारखान्यात जाऊन बसले. यावेळी सरकारने सर्व आधी जाहीर केले होते आणि कामही निर्विघ्न पार पडले. तरीही लाखांहून अधिक लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? ज्यांना पहिल्या वेळी अंधारात ठेवले गेले, त्यांनी दुसऱ्या वेळी कोणत्या आधारावर विसंबावे?

म्हणून आमची मातापित्यांना सूचना अशी की, सुट्टीत ‘धूमकेतू’ घरात मोठ्याने वाचावी. कथा लहान आहे, एका बैठकीत संपते. वाचून झाल्यावर मुलांना एवढेच विचारावे, की दत्तांनी सारे खरे त्या नातवाला आधीच सांगितले असते, तर तो यज्ञाला बसला असता काय? उत्तराची घाई करू नये. मुले आपसांत भांडतील, भांडू द्यावीत.