मास्क : कोणता, कशासाठी आणि कसा?



उसात तणनाशक मारणाऱ्या गड्याला हटकले की उत्तर ठरलेले, "अहो, मास्क लावलाय की! दवाखान्यातला आहे." तोंड झाकावे हे त्याला कळले, हे चांगलेच झाले. पण दवाखान्यातला मास्क वेगळ्या कामासाठी आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

१८९७ साली ब्रेस्लाऊचे शल्यविशारद मिकुलिच यांनी शस्त्रक्रियेवेळी तोंडाला जाळीदार कापड बांधले. डॉक्टरच्या थुंकीचे तुषार रुग्णाच्या जखमेत पडू नयेत, एवढाच हेतू. म्हणजे मुळात मास्क होता समोरच्याच्या रक्षणासाठी!

पुढे १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुफ्फुसाच्या प्लेगने सुमारे साठ हजार माणसे नेली. हा रोग श्वासावाटे पसरतो हे डॉ. वू लिएन-तेह यांनी ओळखले आणि कापूस व जाळीदार कापडाचा मास्क लावायला सांगितले. डॉ. मेनी या फ्रेंच डॉक्टरांना ते पटले नाही. मास्क न लावता ते रुग्ण तपासायला गेले आणि थोड्याच दिवसांत त्याच रोगाने दगावले.

आज दोन प्रकार ठाऊक हवेत. साधा तीन पदरी मास्क खोकल्या-शिंकेचे तुषार अडवतो, पण कडेने सैल असतो. सर्दी-खोकला असणाऱ्याने आणि दवाखान्यात जाणाऱ्याने तो लावावा. दुसरा एन-९५. तो चेहऱ्याला घट्ट बसला, तर बारीक कणांपैकी किमान ९५ टक्के अडवतो. दाढी वाढलेली असेल तर मात्र फटीतून हवा आत शिरते. घरात क्षयाचा रुग्ण असेल, तर रुग्णाने साधा आणि सेवा करणाऱ्याने एन-९५ वापरावा. जुन्या, बुरशी धरलेल्या बगॅसची धूळ छातीत जाऊन बॅगॅसोसिस नावाचा विकार जडतो. तिथेही एन-९५ हवा.

आता मुद्द्याचे. औषधाची वाफ हे दोन्ही मास्क अडवत नाहीत. उलट फवाऱ्याने भिजलेला मास्क विष नाकाशीच धरून ठेवतो. फवारणीला डब्यावर लिहिलेला, गरजेप्रमाणे कार्बनची डबी असलेला श्वसन-मुखवटा लागतो. शिवाय विष कातडीतूनही आत जाते, म्हणून हातमोजे, चष्मा आणि अंगभर कपडे हवेतच. वाऱ्याच्या तोंडाला उभे राहून फवारू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरून कसे चालेल?

वापराच्या चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. साध्या मास्कची रंगीत बाजू बाहेर, तार नाकावर दाबून बसवावी. नाक उघडे टाकून हनुवटीला मास्क लटकवणे म्हणजे दार उघडे ठेवून कुलूप खिशात घालणे! ओला किंवा मळलेला मास्क बदलावा. एन-९५ धुऊ नये, धुतल्याने त्याची कण धरण्याची शक्ती जाते. आणि काढताना पुढून हात न लावता बंदाने काढावा, मग हात धुवावेत.

औषधाच्या डब्याला आपण शेकडो रुपये मोजतो. पंप पाठीवर घेणारा गडी असो की घरचा पोरगा, त्याच्या श्वासाचा हिशेबही त्याच खर्चात धरावा, एवढेच आमचे सांगणे आहे.